न्हाणीतली पितळी तोटी

वर्षावास सुरू झाला त्याच आठवड्यात आमच्या न्हाणीतली तोटी गळू लागली. आषाढ पौर्णिमेला विहारातून घरी आलो, हातपाय धुतले, तोटी बंद केली, तरी एक थेंब खाली पडला. मग दुसरा. आम्ही तोटी आणखी आवळली. थेंब थांबला. आम्हाला वाटले, झाले काम. त्या दिवशी केलेली चूक आम्ही पुढे तीन महिने रोज करत राहिलो. ती चूक कोणती, हे आमच्याच गल्लीतल्या एका पोराने आम्हाला दाखवले. त्यासोबत आमची आणखी एक मोठी चूकही उघडी पडली. ती झाकून ठेवण्यापेक्षा सांगितलेली बरी, म्हणून हा लेख. आम्ही दोघे नवराबायको मिळून लिहितो आहोत. एकजण डाक खात्यातून निवृत्त झाला, दुसरी अंगणवाडीत होती. चूक दोघांचीही सारखीच, म्हणून 'मी' न म्हणता 'आम्ही' म्हणतो.

आमचे घर उत्तर नागपुरातले, जुने आहे. आमच्या मुलांचे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये कामाला होते. जिथे भोंगा वाजायचा तिथे आता मॉल उभा आहे. मिलच्या पगारातून पैसा पैसा जोडून त्यांनी दोन खोल्या बांधल्या. १९७४ साली घरात नळ आला. ती पितळी तोटी त्यांनी स्वतः बाजारातून निवडून आणली आणि स्वतःच्या हाताने बसवली. हातात घेतली तर चांगली जड. पुढे घरावर स्लॅब पडला, स्लॅबवर पाचशे लिटरची टाकी आली, पण न्हाणीतली तोटी आणि भिंतीतला लोखंडी पाइप तेच राहिले. त्या भिंतीच्या आत काय चालले आहे, हे इतक्या वर्षांत कोणी पाहिले नाही.

आजी, म्हणजे मुलांच्या बाबांची आई, आता ८४ वर्षांची आहे. १९५८ साली लग्न होऊन ती या वस्तीत आली. तेव्हा कोपऱ्यावर एकच सरकारी नळ होता. पहाटे तीनला उठून गुंड रांगेत लावायचा, नळ आला की धक्काबुक्की, आणि आपला नंबर येईपर्यंत कधी कधी नळ जायचा. तिच्या माहेरच्या गावी तर याहून वाईट होते. विहिरीवर चढायची मुभा नव्हती. खाली उभे राहायचे, कोणाला दया आली तर वरून पाणी ओतणार. म्हणून घरात तोटी आली त्या दिवशी आजीने ती दहा वेळा उघडून बंद केली होती, असे ती अजून हसत सांगते.

अशा घरात तोटी गळत होती आणि आम्ही नुसते पाहत होतो.

पहिले काही दिवस जोराने आवळून भागले. मग आवळूनही थेंब थांबेना. रात्री टपटप आवाजाने झोप मोडायची. आम्ही तोटीच्या तोंडाला सुतळी बांधली, तिचे दुसरे टोक बादलीत सोडले. थेंब सुतळीवरून गुपचूप उतरू लागला. आवाज थांबला आणि आमची काळजीही थांबली. वाचकहो, घरातल्या कितीतरी गोष्टींना आपण अशीच सुतळी बांधून ठेवतो.

आमच्या मुलीने एका रात्री दहा वाजता तोटीखाली गंज ठेवला. सकाळी सहाला मोजले तर दोन तांबे पाणी. तिने वहीवर हिशेब केला. आठ तासांत दोन तांबे, म्हणजे दिवसाला सहा तांबे, महिन्याला एकशे ऐंशी. एक तांब्या एक लिटरचा धरला तर पंधरा लिटरच्या बारा बादल्या. वर्षावासाच्या तीन महिन्यांत छत्तीस बादल्या! आजीने ऐकले आणि एवढेच म्हणाली, "छत्तीस बादल्यांसाठी मी किती दिवस रांगेत उभी राहिली असती?" आम्ही मान खाली घातली, पण पाना हातात घेतला नाही.

आमचा मुलगा बी.कॉम. झालेला, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. तो म्हणाला, "बाबा, प्लंबरला बोलवा ना." प्लंबर काही दूर नव्हता. चार घरे सोडून राहणारा पोरगा प्लंबरच आहे. पण त्याला बोलवायला आमची जीभ रेटत नव्हती. त्याचे कारण पुढे येईल.

अशोक विजयादशमी तोंडावर आली. नागपुरात ज्यांचे घर आहे त्यांना सांगायला नको. १९५६ पासून हा सण म्हणजे घराघरात पाहुणे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूरकडून आमची माणसे दीक्षाभूमीवर येतात. पंधरावीस जण आमच्याकडे उतरतात. अंगणात चटया पडतात, एका चुलीवर भाताचे मोठे गंज चढते आणि सगळ्यांना आंघोळीला न्हाणी एकच. गळकी तोटी घेऊन एवढे पाहुणे कसे काढायचे? शेवटी दसऱ्याच्या दोन दिवस आधी आम्ही ठरवले की आपणच बदलू. त्यात काय आहे? जुनी फिरवून काढायची, नवी फिरवून बसवायची.

बाजारातून चकचकीत नवी तोटी आणली. शेजारून पाइप पाना मागून आणला. स्लॅबवर जाऊन टाकीखालचा व्हॉल्व फिरवला. तो अर्ध्यात अडकला. आम्हाला वाटले, बंद झाला असावा. खाली येऊन पाना लावला आणि जोर दिला. तोटी हलेना. आजी दारात उभी होती. म्हणाली, "बापू, जोर नोको लावू. लोखंड बुढं झालं हाये." आम्ही ऐकले नाही. पान्याच्या दांड्याला पाइपाचा लांब तुकडा घातला आणि दोघांनी मिळून रेटा दिला.

तोटी फिरली. पण तिच्याबरोबर भिंतीतला पाइपही फिरला. कट्ट असा आवाज आला आणि भिंतीतून पाण्याची धार थेट समोरच्या दारावर. पाचशे लिटरची टाकी आमच्या अंगावर रिकामी होत होती. न्हाणीचा सांडवा एवढे पाणी घेईना. पाणी उंबऱ्यावरून स्वयंपाकघरात गेले, पाहुण्यांसाठी आणलेल्या तांदळाच्या पोत्यापर्यंत पोचले. मुलगा पोते ओढत होता, मुलगी गोधड्या टाकून पाणी अडवत होती, आणि आम्ही दोघे भिंतीच्या भोकावर तळहात दाबून उभे होतो. शेवटी आजीनेच लाकडाचा खुंटा मागवला, त्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळायला लावली आणि तो भोकात ठोकायला सांगितला. धार थांबली. तोपर्यंत टाकी जवळजवळ रिकामी झाली होती. सकाळी नळ यायच्या आत दुरुस्ती झाली नाही तर टाकी भरता येणार नव्हती. दुसऱ्या रात्री पाहुणे येणार होते.

आता त्या पोराकडे जाण्याशिवाय गत्यंतर नव्हते.

आमची जीभ का रेटत नव्हती ते सांगतो. तो पोरगा दहावीत दोनदा नापास झाला होता. त्या वेळी विहारात बायकामाणसांच्या समोर आम्ही त्याच्या आईला म्हणालो होतो, "शिकवा त्याला. बाबासाहेबांनी आपल्या हातात पुस्तक दिलं, याच्या हातात पाना येईल." आम्हाला वाटले, आपण कळकळीने बोललो. ती माउली काही बोलली नाही. पुढे तो तिसऱ्यांदा बसून पास झाला, आयटीआयत प्लंबरचे काम शिकला, आणि खरोखरच त्याच्या हातात पाना आला. त्यानंतर तो रस्त्यात भेटला की 'जयभीम काकाजी' म्हणायचा आणि आम्ही घाईत असल्यासारखे पुढे जायचो.

त्या दिवशी तो घरी नव्हता. दीक्षाभूमीकडे येणाऱ्या लोकांसाठी तात्पुरते नळ बसवण्याच्या कामावर होता. निरोप ठेवून आलो. रात्री साडेनऊला तो दारात आला. दिवसभराच्या कामाने कपडे मातीने भरलेले. चप्पल बाहेर काढली, म्हणाला, "जयभीम काकाजी, जयभीम काकू. काय झालं?" आम्ही पाइप दाखवू लागलो, पण त्याने आधी विचारले, "पाणी कुठून बंद होते?"

तो टॉर्च घेऊन स्लॅबवर गेला. व्हॉल्व पाहून म्हणाला, "काकाजी, हा बंद केल्यावर खालची तोटी उघडून पाहिली होती काय?" आम्ही पाहिली नव्हती. तोटी उघडून पाणी थांबले की नाही हे पाहणे, एवढी साधी गोष्ट. ती केली असती तर तांदूळ भिजला नसता. व्हॉल्व वर्षानुवर्षे न फिरवल्याने आतून जाम झाला होता. वर्षातून दोनचार वेळा तरी तो बंद करून उघडावा, म्हणजे वेळेवर साथ देतो, असे त्याने सांगितले. त्या रात्री त्याने तिथे नवा व्हॉल्व बसवला. पाव वळसा फिरवला की बंद.

मग न्हाणीत येऊन तो पाटावर बसला. भिंतीच्या आत एल्बो असतो. त्यात निपल, म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेला पाइपाचा आखूड तुकडा बसवतात, आणि त्याच्या पुढे तोटी. आटे पाडताना लोखंड तिथेच पातळ होते आणि गंज आधी तिथेच खातो. आम्ही रेटा दिला तेव्हा निपल नेमके त्याच जागी तुटून अर्धा तुकडा एल्बोत अडकला होता. त्याने भिंतीचे थोडे प्लास्टर फोडले. हॅकसॉचे पाते हाताने धरून अडकलेल्या तुकड्याला आतून हळूहळू खाच पाडली, पण एल्बोच्या आट्यांना पाते लागू दिले नाही. मग छिन्नीने तो तुकडा आतल्या बाजूला वळवला आणि पकडीने फिरवून बाहेर काढला. या एवढ्या कामाला पाऊण तास लागला. आमचा मुलगा शेजारी टॉर्च धरून उभा होता. घाई नाही, चिडचिड नाही. आमच्या डाक खात्यातल्या टेबलावर एवढ्या एकाग्रतेने काम करणारी माणसे फार थोडी पाहिली.

नव्या निपलच्या आट्यांवर त्याने टेप गुंडाळला. "आटे ज्या दिशेने फिरतात त्याच दिशेने गुंडाळायचा. उलटा गुंडाळला तर फिरवताना सुटून येते," तो मुलीला सांगत होता. आणि बसवताना त्याने दोन पाने वापरले. एकाने मागचा भाग घट्ट धरला, दुसऱ्याने पुढचा फिरवला. "एकच पाना लावला तर सगळा जोर भिंतीतल्या पाइपावर जाते, काकाजी. तुमचं तेच झालं." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. म्हणूनच तो जास्त लागला.

आता तोटीचा प्रश्न होता. आम्ही म्हणालो, "आजोबांची तोटी आहे रे, तीच दुरुस्त होत असेल तर बघ." त्याने ओट्यावर कागद पसरून ती पितळी तोटी खोलली. आतल्या दांडीच्या टोकाला वायसर असतो. तोटी बंद केली की तो खालच्या गोल काठावर बसतो आणि पाणी अडते. त्या काठाला सीट म्हणतात. आमच्या तोटीतला वायसर झिजून नाहीसा झाला होता. त्यानंतर आम्ही जेव्हा जेव्हा जोर लावून तोटी आवळली, तेव्हा तेव्हा पितळेवर पितळ घासले गेले. टॉर्चच्या उजेडात त्याने ती सीट दाखवली. काठाला खोल चरे पडले होते. "बॉडी एक नंबर आहे. असं पितळ आता दुकानात मिळत नाही. पण सीट गेली. गळायला लागली तेव्हाच वायसर बदलला असता तर ही अजून कितीतरी वर्षं चालली असती."

म्हणजे तोटी म्हातारी झाली म्हणून गेली नव्हती. पन्नास वर्षे टिकलेली वस्तू आम्ही तीन महिन्यांत हाताने मारली होती. आम्हाला बोलायला सुचेना. आजीला काय वाटेल या विचाराने आम्ही तिच्याकडे पाहिले. ती खाटेवर बसून सगळे ऐकत होती. म्हणाली, "तोंड काऊन पाडता? तोटी पान्यासाठी असते, पुजेसाठी नाही. बसव रे बापू नवी."

नवी तोटी बसली. टाकीत तळाला जे थोडे पाणी होते त्यावर त्याने उघडून, बंद करून पाहिली. जोडाच्या खाली कोरडा कागद धरला. कागद कोरडाच राहिला. रात्रीचे बारा वाजून गेले होते.

चहा झाला. आम्ही म्हणालो, "किती झाले रे?" तो म्हणाला, "सामानाचे तेवढे द्या काकाजी. मजुरी राहू द्या, घरचंच काम आहे." आणि खरे सांगतो, आम्हाला बरे वाटले. सणाचा खर्च होता, तांदूळ भिजला होता. आम्ही म्हणालोही, "हो रे, तू तर घरचाच पोरगा." तेवढ्यात खाटेवरून आजीचा आवाज आला.

"त्याची मजुरी त्याच्या हातावर ठेव. माह्या बापानं गावचं काम जनमभर फुकट केलं. कोणी म्हणे तू घरचा, कोणी म्हणे तुहा मान आहे. मान खाऊन पोट भरत नाही. फुकट काम म्हणजे वेठच. आपलीच मानसं आपल्याच पोराले वेठीला धरतीन काय?"

न्हाणीतली टपटप तर थांबली होतीच. घरात अगदी शांत झाले. आम्ही कपाटातून पैसे काढले, बाहेरच्या माणसाला रात्रीच्या कामाचे जे दिले असते ते मोजून त्याच्या हातावर ठेवले. तो संकोचला, पण आजीकडे पाहून त्याने घेतले.

सकाळी नळ आला, टाकी भरली. रात्री पाहुणे आले. दुसऱ्या दिवशी पहाटे चारपासून न्हाणीत रांग लागली आणि एकाही थेंबाची तक्रार आली नाही. एका पाहुण्याने तोटीचे कौतुक केले, तेव्हा आमच्या मुलाने ती कोणी बसवली हे नाव घेऊन सांगितले.

दीक्षाभूमीवरून परत आल्यावर आम्ही दोघे चार घरे पलीकडे गेलो. त्याच्या आईला म्हणालो, "विहारात आम्ही तुम्हाला एक बोल बोललो होतो. तो चुकीचा होता." आम्हाला वाटले होते, ती म्हणेल, जाऊ द्या, मला आठवतही नाही. ती म्हणाली, "मी विसरली नव्हती, काकू." मग थोड्या वेळाने म्हणाली, "बसा. चहा ठेवते." आम्ही बसलो.

वाचक बंधुभगिनींनो, शिकायलाच हवे. त्यात तडजोड नाही. वेठीच्या कामातून, दुसऱ्याच्या घाणीतून आपल्या माणसांनी अंग सोडवले ते शिक्षणानेच. पण त्या भीतीपायी हाताच्या सगळ्याच कामाला आपण कमी लेखू लागलो. जे काम जातीने लादले होते आणि जे काम माणूस शिकून, समजून, योग्य मोबदला घेऊन करतो, त्यांत फरक आहे. त्या पोराच्या हातातला पाना हेही त्याचे पुस्तकच आहे. आम्ही ते वाचायला शिकलो नव्हतो.

आता थोडे घरोघरी उपयोगी पडेल ते. आपल्या घराचे पाणी कुठून बंद होते, हे घरातल्या लहानथोर सगळ्यांना माहीत असावे. तो व्हॉल्व अधूनमधून फिरवत जावा. पहिला थेंब दिसला की जोर लावून आवळू नका, वायसर बदला. चहाच्या खर्चात काम होते. जुना वायसर दुकानात नेऊन त्याच मापाचा आणा. तोटी खोलण्याआधी पाणी बंद करा आणि तोटी उघडून खात्री करा. सांडव्यावर फडके टाका, नाहीतर बारीक स्क्रू वाहून जातो. आणि पाइप जुना लोखंडी असेल, हलत नसेल, तर हात आवरा. जाणकाराला बोलवा आणि त्याची मजुरी द्या.

ती जुनी तोटी आम्ही आठवण म्हणून ठेवणार होतो. आजीने ठेवू दिली नाही. भंगारवाल्याने वजन करून पितळेचे पैसे दिले. त्यात थोडी भर घालून आम्ही एक पाइप पाना, टेपची एक रीळ आणि पाकीटभर वायसर आणले. गेल्या महिन्यात स्वयंपाकघरातली तोटी गळू लागली. पहिल्याच दिवशी मुलीने व्हॉल्व बंद केला, तोटी उघडून पाहिली आणि वायसर बदलला. मुलगा टॉर्च धरून उभा होता. आजीने जाऊन ती तोटी उघडली, बंद केली, पुन्हा उघडली, पुन्हा बंद केली.

"चांगली बसली," म्हणाली.